बिनव्याजी बॅलन्स ट्रान्सफर दुर्मीळ होत असताना : अर्ज कधी करावा, मुदत किती घ्यावी, फेड कशी आखावी

क्रेडिट कार्डाची थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर वळवायची आणि ठरावीक महिने तिच्यावर शून्य टक्के व्याजाची सवलत घ्यायची, ही सोय अजून बंद झालेली नाही. मात्र बँका हात आखडता घेऊ लागल्या की तिची मुदत घटते, शुल्क वाढते आणि पात्रतेची चाळणी बारीक होते. अशा वेळी लोक दोन टोके गाठताना दिसतात. काही जण आणखी चांगली योजना येईल म्हणून थांबून राहतात, तर काही जण संधी हातची जाईल या धास्तीने सर्वांत लांब मुदतीची योजना शुल्क न पाहताच घेऊन टाकतात. दोन्हींमध्ये पैसे जातात, आणि किती जातात हे कागद-पेन्सिल घेऊन आधीच काढता येते. हा हिशेब अर्ज करण्यापूर्वी झाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पुढची सगळी मांडणी त्यासाठीच आहे.

सवलती का आटतात

शून्य टक्के व्याजावर दिलेले कर्ज बँकेला फुकट पडत नाही. तिला स्वतःला तो पैसा व्याजाने उभा करावा लागतो आणि तो खर्च ती तीन ठिकाणांहून भरून काढते : ट्रान्सफरचे शुल्क, मुदत संपल्यावर शिल्लक राहिलेल्या रकमेवरचे व्याज, आणि त्याच कार्डावर ग्राहकाने केलेली नवी खरेदी. मध्यवर्ती बँकेने दर वाढवले की पैसा उभारण्याचा खर्च वाढतो. अमेरिकेत फेडरल रिझर्व्हचा दर मार्च २०२२ च्या आरंभी शून्याच्या जवळपास होता आणि जुलै २०२३ मध्ये तो ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर गेला. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर २०२१ मधील ०.१ टक्क्यावरून ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांवर पोहोचला. इतक्या उंच दरात लांब मुदतीची बिनव्याजी उधारी बँकेला जड जाते.

पण व्याजदर हे एकमेव कारण नाही. २०२० मध्ये महासाथीच्या काळात दर तळाला होते, तरीही अमेरिकेतील अनेक बँकांनी बॅलन्स ट्रान्सफरच्या योजना मागे घेतल्या किंवा कमी केल्या, कारण लोकांच्या नोकऱ्या जाऊन कर्जे बुडण्याची भीती होती. म्हणून ‘दर खाली आले की सवलती परत येतील’ हा भरवसा धरून थांबणे योग्य नाही. त्यात भर म्हणजे १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या आयएफआरएस ९ या आंतरराष्ट्रीय लेखामानकानुसार, ते मानक पाळणाऱ्या बँकांना कर्ज थकण्याची वाट न पाहता संभाव्य बुडिताची तरतूद सुरुवातीपासूनच करावी लागते. त्यामुळे अर्थव्यवस्थेचे चित्र धूसर झाले की त्या लगेच सावध होतात.

आखडता हात तीन रूपांत दिसतो. मुदत कमी होते आणि शुल्क वाढते, हे जाहिरातीत कळते. तिसरे रूप, म्हणजे पात्रतेचे निकष कडक होणे, जाहिरातीत कुठेच छापलेले नसते. ‘२४ महिन्यांपर्यंत’ या शब्दांतला ‘पर्यंत’ इथे महत्त्वाचा आहे, कारण पत कमी असलेल्या अर्जदाराला त्याच योजनेत १२ महिनेच मिळू शकतात. ब्रिटनमध्ये जाहिरातीतला प्रातिनिधिक वार्षिक दर निदान ५१ टक्के ग्राहकांना मिळावा असा दंडक आहे; म्हणजे तिथेही उरलेल्यांना वेगळा दर मिळणे नियमात बसते.

आधी स्वतःचा आकडा काढा

प्रत्येक कार्डाचे ताजे स्टेटमेंट समोर घ्या आणि चार गोष्टी लिहून काढा : एकूण थकबाकी, मासिक व्याजदर, स्टेटमेंटची तारीख आणि भरणा करण्याची अंतिम तारीख. स्टेटमेंटमध्ये वार्षिक दर दिला असेल तर त्याला बाराने भागून मासिक दर काढा. तो अगदी काटेकोर नसतो, पण निर्णयासाठी पुरतो. मग पाचवा आकडा लिहा, तोच सर्वांत महत्त्वाचा : घरखर्च आणि इतर हप्ते भागवून दरमहा या थकबाकीसाठी तुम्ही खात्रीने किती रक्कम काढू शकता. इथे उत्साहाच्या भरात मोठा आकडा लिहू नका. गेल्या काही महिन्यांत प्रत्यक्ष किती भरणा झाला ते पाहा आणि त्याच्या जवळपासचा आकडा धरा. पुढचा संपूर्ण हिशेब याच आकड्यावर उभा राहतो.

थांबण्याची किंमत

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. थकबाकी १,२०,०००, व्याज दरमहा २ टक्के आणि भरणा दरमहा ८,०००. काहीच हालचाल केली नाही तर ही थकबाकी फिटायला साधारण दीड वर्ष लागते आणि एकूण सुमारे २४,००० व्याज जाते.

समजा आज ३ टक्के शुल्काची योजना उपलब्ध आहे आणि पुढच्या महिन्यात २ टक्क्यांची येईल अशी आशा आहे. शुल्कातला फरक १,२०,००० वर १,२०० होतो. एक महिना थांबल्याचे व्याज मात्र २,४०० होते. म्हणजे तुमची आशा खरी ठरली तरीही थांबणे तोट्याचेच ठरते, आणि ती खोटी ठरली तर तोटा दुप्पट. यातून निघणारा नियम सोपा आहे : थांबल्याने शुल्कात जितके टक्के वाचण्याची शक्यता आहे, त्याची तुलना ‘मासिक व्याजदर गुणिले थांबण्याचे महिने’ याच्याशी करा. शुल्क बहुतेक ठिकाणी ३ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान फिरते आणि कार्डावरचा मासिक दर अनेकदा दीड ते साडेतीन टक्के असतो. त्यामुळे व्याज चालू असताना केवळ शुल्क कमी होण्याची वाट पाहणे क्वचितच परवडते.

थांबण्याला एकच सबळ कारण असू शकते, ते म्हणजे थोड्या काळात तुमची पात्रता ठोसपणे सुधारणार असणे. उदाहरणार्थ, पत अहवालात फेडलेले कर्ज अजून थकीत दिसत असेल आणि दुरुस्तीचा अर्ज दिलेला असेल, तर ती दुरुस्ती होईपर्यंत थांबणे शहाणपणाचे आहे. अर्ज नाकारला गेला, तर त्यात जाणारा वेळ त्याहून जास्त असतो.

मुदत किती लांब हवी

इथे थोडे जास्त रेंगाळतो, कारण सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात. वरच्याच थकबाकीसाठी तीन योजना समोर आहेत असे समजा : १२ महिने आणि १ टक्का शुल्क, १८ महिने आणि ३ टक्के शुल्क, २४ महिने आणि ५ टक्के शुल्क. बहुतेकांचा हात सहज २४ महिन्यांकडे जातो.

दरमहा ८,००० भरणाऱ्यासाठी हिशेब असा होतो. २४ महिन्यांच्या योजनेत शुल्क ६,००० आणि फेड सोळाव्या महिन्यात पूर्ण. उरलेल्या आठ महिन्यांसाठी मोजलेले पैसे निरुपयोगी. १८ महिन्यांच्या योजनेत शुल्क ३,६०० आणि फेड सोळाव्याच महिन्यात. १२ महिन्यांच्या योजनेत शुल्क फक्त १,२००. बारा महिन्यांनंतर २५,२०० शिल्लक राहतात आणि त्यांवर २ टक्के दराने उरलेल्या चार महिन्यांत सुमारे १,१०० व्याज लागते. एकूण खर्च सुमारे २,३००. म्हणजे बिनव्याजी मुदत अपुरी असूनही हीच योजना सर्वांत स्वस्त पडते. सवलतीनंतरचा दर दरमहा साडेतीन टक्के धरला तरी एकूण खर्च ३,२०० च्या आसपास, म्हणजे १८ महिन्यांच्या योजनेपेक्षा कमीच राहतो.

आता फक्त मासिक भरणा ८,००० ऐवजी ५,००० करा आणि चित्र पूर्ण उलटते. १२ महिन्यांच्या योजनेत मुदतीअखेर ६१,२०० उरतात आणि शुल्कासह एकूण खर्च सुमारे १०,९०० होतो. १८ महिन्यांच्या योजनेत तो सुमारे ६,४०० आणि २४ महिन्यांच्या योजनेत सुमारे ६,१०० होतो. थकबाकी तीच, योजना त्याच, फक्त दरमहा भरण्याची ताकद वेगळी. म्हणून ‘सर्वांत चांगली योजना कोणती’ या प्रश्नाला तुमच्या मासिक भरण्याशिवाय उत्तर नसते. लांब मुदतीच्या योजना बाजारातून गायब झाल्या म्हणून हळहळण्याआधी, तुम्हाला त्यांची गरज होती का, हे तपासा.

पूर्वी अनेक जण एक मुदत संपली की थकबाकी पुढच्या बिनव्याजी कार्डावर वळवत असत. ब्रिटनमध्ये २०१६-१७ च्या सुमारास सर्वांत लांब मुदत ४० महिन्यांच्याही पुढे गेली होती, त्यामुळे या साखळीला फारशी अडचण येत नव्हती. सवलती आटत असताना ही साखळी गृहीत धरू नका. जी योजना आज मिळते तीच शेवटची, असे धरून मुदत आणि हप्ता ठरवा. पुढे दुसरी मिळाली तर उत्तमच.

एक सावधगिरी अनिवार्य आहे. ‘शून्य टक्के व्याज’ आणि ‘मुदतीत पूर्ण फेडल्यास व्याज माफ’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात मुदतीअखेर थोडी जरी रक्कम उरली तरी अगदी पहिल्या दिवसापासूनचे व्याज एकदम आकारले जाऊ शकते. हा प्रकार दुकानांच्या कार्डांवर जास्त दिसतो. वर दिलेले अपुऱ्या मुदतीचे गणित त्याला अजिबात लागू पडत नाही. तसेच भारतासह काही ठिकाणी बँका वळवलेली रक्कम सरळ मासिक हप्त्यांत बांधतात. तिथे हप्ता तुम्ही नव्हे तर बँक ठरवते आणि शुल्कावर करही लागतो, तोही हिशेबात धरा.

अर्जाचा दिवस निवडणे

बँका सहसा स्टेटमेंटच्या तारखेला जितकी थकबाकी असेल तितकी पत नोंदणी संस्थेला कळवतात. त्यामुळे अंतिम तारखेची वाट न पाहता स्टेटमेंट निघण्याच्या तीन-चार दिवस आधी या महिन्याचा भरणा केला, तर अहवालात कमी थकबाकी उमटते आणि मर्यादेच्या तुलनेत वापर कमी दिसतो. मात्र स्टेटमेंट निघाल्यानंतर त्याची किमान देय रक्कम वेगळी भरावी लागते, हे विसरू नका. अहवाल अद्ययावत झाल्याची खात्री करूनच अर्ज करा. यात जाणारे दोन-तीन आठवडे वाया जात नाहीत, विशेषतः जेव्हा पात्रता काठावर असते.

अर्जापूर्वी बँकेची पूर्वपात्रता तपासणी उपलब्ध असेल तर ती जरूर वापरा. अशा प्राथमिक तपासणीने पतगुणांकाला धक्का बसत नाही. रीतसर अर्जाची चौकशी मात्र अहवालात नोंदली जाते, अमेरिकेत ती दोन वर्षे दिसते. म्हणून चार ठिकाणी एकदम अर्ज टाकू नका. येत्या काही महिन्यांत गृहकर्ज काढायचे असेल तर नवे कार्ड घेण्याआधी दोन्हींचा क्रम नीट ठरवा. गृहकर्जाच्या दरातला अल्पसा फरकही कार्डावरच्या बचतीपेक्षा जास्त किमतीचा असू शकतो.

नव्या कार्डाच्या मागे लागण्याआधी जुन्या, न वापरलेल्या कार्डांकडे पाहा. बँका विद्यमान ग्राहकांनाही ट्रान्सफरच्या सवलती देतात, त्या बँकेच्या अॅपमध्ये किंवा पत्रात दडलेल्या असतात आणि त्यांसाठी बहुधा नव्याने रीतसर चौकशी होत नाही. फक्त एकाच बँकेच्या, आणि अनेकदा एकाच बँकसमूहाच्या, दोन कार्डांमध्ये थकबाकी वळवता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

अर्ज मंजूर झाल्यावर मर्यादा अपेक्षेपेक्षा कमी निघणे ही सवलती आटण्याच्या काळातली नेहमीची गोष्ट आहे. शुल्कही त्याच मर्यादेत बसवावे लागते : मर्यादा ८०,००० आणि शुल्क ३ टक्के असेल तर फार तर ७७,६०० च्या आसपास रक्कम वळवता येते, आणि काही बँका मर्यादेचा ठरावीक हिस्साच ट्रान्सफरसाठी मोकळा ठेवतात. अशा वेळी सर्वांत जास्त व्याजदराच्या कार्डाची थकबाकी आधी वळवा.

रक्कम पोहोचेपर्यंत

बिनव्याजी मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाते, हे करारात शोधा. काही बँका रक्कम वळल्याच्या दिवसापासून मोजतात, काही खाते उघडल्याच्या दिवसापासून. दुसऱ्या प्रकारात तुम्ही जितके दिवस चालढकल कराल तितके सवलतीचे दिवस आपणहून कमी कराल. शिवाय ट्रान्सफर ठरावीक काळात, अनेकदा ६० किंवा ९० दिवसांत, केले तरच सवलतीचा दर आणि शुल्क लागू होते. म्हणून शक्य असेल तिथे अर्जाबरोबरच ट्रान्सफरची विनंती द्या.

रक्कम जुन्या कार्डावर जमा व्हायला काही दिवसांपासून दोन-तीन आठवडे लागू शकतात. मधल्या काळात जुन्या कार्डाची अंतिम तारीख आली तर किमान रक्कम भराच; ‘ट्रान्सफर होतच आहे’ हे कारण विलंब शुल्क टाळायला उपयोगी पडत नाही.

पुढचा तपशील फार लोकांच्या नजरेतून निसटतो. कार्डावरचे व्याज रोजच्या शिलकीवर चढते. आपल्या उदाहरणात वार्षिक २४ टक्के दराने १,२०,००० वर दिवसाला सुमारे ७९ व्याज होते. स्टेटमेंट निघाल्यानंतर बारा दिवसांनी ट्रान्सफरची रक्कम जमा झाली तर सुमारे ९४७ इतके व्याज त्या दरम्यान साचलेले असते, आणि ते पुढच्या स्टेटमेंटमध्ये येते. ज्या कार्डाचा हिशेब आपल्या मनात मिटलेला असतो, त्या कार्डाचे स्टेटमेंट कोणी उघडत नाही. मग एवढ्याशा रकमेवर विलंब शुल्क लागते आणि पत अहवालात डाग पडतो. जुन्या कार्डाची शिल्लक सलग दोन स्टेटमेंटमध्ये शून्य दिसेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवा.

जुने कार्ड लगेच बंद करायचे का, याबद्दल मतभेद आहेत. ते चालू ठेवल्यास एकूण मर्यादा वाढून गुणांकाला मदत होते. परंतु त्या कार्डावर पुन्हा खर्च होण्याचा धोका खरा असेल तर गुणांकाचे चार गुण सोडून द्यावेत आणि कार्ड बंद करावे, असे मला वाटते.

बिनव्याजी काळातील शिस्त

नव्या कार्डावर दोन स्वतंत्र व्यवस्था लावा. पहिली, किमान देय रकमेचा ऑटो डेबिट, कारण तुम्ही आजारी असाल, प्रवासात असाल किंवा कामाच्या रगाड्यात विसरलात तरी चूक होऊ नये. दुसरी, पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलेल्या हप्त्याची उरलेली रक्कम कार्डाकडे वळवणारी स्थायी सूचना. केवळ किमान रकमेवर विसंबलात तर सवलत संपताना थकबाकीचा मोठा भाग तसाच उभा असेल. भरणा चुकला तर कित्येक करारांत सवलत तिथेच रद्द होते. अमेरिकेत २००९ च्या क्रेडिट कार्ड कायद्याने काही संरक्षण आहे, तिथे भरणा ६० दिवस थकल्याशिवाय आधीच्या थकबाकीवरचा दर दंड म्हणून वाढवता येत नाही. इतरत्र हे गृहीत धरू नका.

या कार्डावर खरेदी करू नका. सवलत वळवलेल्या रकमेला असते, खरेदीला ती नसू शकते, आणि पूर्ण शिल्लक फेडली नसल्यामुळे खरेदीवर मिळणारे नेहमीचे बिनव्याजी दिवसही अनेक कार्डांवर मिळत नाहीत. अमेरिकेत किमान रकमेपेक्षा जास्त भरलेले पैसे सर्वाधिक दराच्या शिलकीकडे आधी जातात, ब्रिटनमध्ये २०११ पासून भरणा सर्वांत महाग शिलकीकडे आधी वळवला जातो. तरीही दोन प्रकारच्या शिलका एकाच कार्डावर मिसळल्या की फेडीचा हिशेब हाती राहत नाही. रोख रक्कम तर या कार्डावरून कधीच काढू नका, कारण तिचे शुल्क आणि व्याज पहिल्याच दिवसापासून सुरू होते.

अर्ज नाकारला गेला तर

लगेच दुसरीकडे अर्ज करू नका. आधी नकाराचे कारण विचारा, पत अहवाल मागवा आणि चुका असतील तर दुरुस्त करून घ्या. दरम्यान ठरावीक मुदतीच्या वैयक्तिक कर्जाचा दर तपासा. दरमहा २ टक्क्यांची थकबाकी दरमहा सव्वा टक्क्याच्या कर्जात बदलली तरी व्याजाचा मोठा भाग वाचतो आणि फेडीची तारीख पक्की होते. किमान रक्कम भरणेही जड जात असेल तर ट्रान्सफरचा विचार बाजूला ठेवा आणि भरणा थकण्यापूर्वीच सध्याच्या बँकेशी सवलतीच्या परतफेड योजनेबद्दल बोला. अशा विनंतीला थकबाकीदार होण्याआधी जो प्रतिसाद मिळतो, तो नंतर मिळत नाही.

मुदत संपण्याआधीचे तीन महिने

सवलत संपण्याची नेमकी तारीख बँकेकडून लेखी घ्या, कारण ‘१८ महिने’ याचा अर्थ अठराव्या स्टेटमेंटपर्यंत की अठराव्या कॅलेंडर महिन्यापर्यंत, यात काही आठवड्यांचा फरक पडू शकतो. त्या तारखेच्या तीन महिने आधी शिल्लक रक्कम आणि उरलेले हप्ते यांचा मेळ घाला. शिल्लक उरणार असे दिसले तर त्याच वेळी तीन पर्याय तपासा : बचतीतून काही रक्कम काढणे, उरलेल्या रकमेपुरते दुसरे ट्रान्सफर, किंवा थोडे महिने व्याज देऊन फेड पूर्ण करणे. छोट्या शिलकीसाठी तिसरा पर्याय बहुधा स्वस्त असतो. शिल्लक २५,००० च्या आसपास असताना ३ टक्के शुल्क आणि नवी चौकशी पत्करून दुसरे कार्ड घेतल्यास ७५० शुल्क जाते आणि चार महिन्यांच्या व्याजाशी तुलना करता जेमतेम साडेतीनशे वाचतात.

शेवटचा हप्ता अंतिम तारखेला न भरता निदान पाच कामकाजाचे दिवस आधी भरा, म्हणजे सुट्टी किंवा तांत्रिक अडथळा आला तरी तो मुदतीत जमा होईल. त्यानंतरचे स्टेटमेंट शून्य शिलकीचे आले की ते जतन करा, आणि महिनाभराने पत अहवालातही ती शिल्लक शून्य दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर तेच स्टेटमेंट जोडून पत नोंदणी संस्थेकडे दुरुस्तीचा अर्ज करा.